शर्यत संपेपर्यंत दिसू नका

धडा: गाडी सुरू करण्यापूर्वी आरसे पाहा

हळूमास्तरांची मुलगी उलटी जाते ही गोष्ट इमारतीत सगळ्यात आधी दातांच्या डॉक्टरांना कळली. आणि दातांच्या डॉक्टरांना कळलेलं सगळ्या गावाला कळतं, कारण त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकून घेण्यापलीकडे काही करता येत नाही.

"म्हणजे तोंड इकडे आणि जाणं तिकडे?" डॉक्टरांनी जिन्यातच गाठून विचारलं.

"नौकानयनात तसंच असतं. वल्हवणारा पाठीच्या दिशेने जातो."

"मग पुढे काय आहे ते?"

"दिसत नाही."

"आणि तुम्ही ड्रायव्हिंग शिकवता," असं म्हणून डॉक्टर निघून गेले.

हळूमास्तर पुढचे दोन मजले एकटेच उत्तर देत चढले. उत्तर चांगलं होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

त्यांना खरं नावही होतं. ते लायसन्सवर छापलेलं होतं आणि तिथेच राहिलं. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस दिवसभर एकच शब्द म्हणत असेल, तर शिकाऊ मंडळी त्याला दुसरं काय म्हणणार? "हळू." गाडी उभी असली तरी "हळू." शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्यांच्या गाडीत टायरच्या आधी तो ब्रेक झिजायचा.

अशा माणसाच्या घरी जोरात जाणारी मुलगी जन्माला आली. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणायला लागले. आता ती आत आली की दार जरा अंग चोरतंय असं वाटे. एकटीने वल्हवायच्या, लांब आणि काकडीसारख्या निमुळत्या नौकेतून ती देशाच्या संघात जाऊन पोहोचली होती. आता समुद्रापलीकडे जगभरच्या मुलींशी गाठ होती. उपांत्य फेरीत सहा नौका, त्यातल्या पहिल्या तीन अंतिम फेरीत. तीनमध्ये आली नाही तर संघातली जागा गेली, हे प्रशिक्षकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या मुलींची रांग लागलेली होती.

तेव्हा आईवडलांनी जायचं ठरवलं आणि फोन केला.

"या," चिमणी म्हणाली. "पण मला दिसू नका."

"म्हणजे काय गं?"

"शर्यत संपेपर्यंत दिसू नका. संपली की मी स्वतः येऊन मिठी मारीन."

"अगं, आम्ही आईबाप आहोत तुझे."

"म्हणूनच, आई."

यावर भांडता येत नव्हतं, कारण पूर्वीचं सगळं तिच्याच बाजूने होतं. पहिल्यांदा दोघं शर्यत बघायला गेले तेव्हा आई काठावर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून उभी होती. आईला काहीतरी झालं असं चिमणीला वाटलं, वल्हं पाण्यात अडकलं आणि ती उलटता उलटता वाचली. दुसऱ्यांदा ती सगळ्यांच्या पुढे असताना काठावरून बाबांचा आवाज आला, "हळू." लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, ती हळू झाली. तिसऱ्यांदा दोघं झाडामागे लपले. झाड बारीक होतं.

धडा: रिव्हर्स

हळूमास्तरांनी हॉलच्या मधोमध स्टूल ठेवलं, दोन्ही हातांत दोन झाडू घेतले आणि ते दाराकडे पाठ करून बसले. मग बराच वेळ वल्हवत विचार केला. चिमणीच्या आईची नोकरी वीज कंपनीच्या तक्रार विभागात, फोनवर. अंधारात बसून शिव्या देणाऱ्या माणसांचं आयुष्यभर शांतपणे ऐकून घेतल्यामुळे तिला या दृश्याचं काही वाटलं नाही.

"सापडलं," हळूमास्तर म्हणाले. "ती बसणार शेवटच्या रेषेकडे पाठ करून. आपण त्या रेषेच्याच जवळ बसायचं. रेषा ओलांडेपर्यंत तिला आपण दिसणं शक्यच नाही. आणि ओलांडल्यावर दिसलो तर दिसलो."

"आणि सुरुवातीला ती जिकडे बघत असेल तिकडे?"

"तिकडे आपण कशाला मरायला जाऊ?"

"तक्रार नोंदवली आहे," चिमणीची आई म्हणाली. नवऱ्याचं बोलणं पटलं किंवा न पटलं, तरी ती हेच म्हणे.

बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. इमारतीचे सेक्रेटरी काळा चष्मा घेऊन आले. त्यांच्या मते काळा चष्मा लावला की माणूस ओळखू येत नाही. तो लावून ते स्वतःच दारात उभे होते आणि हळूमास्तरांनी "या सेक्रेटरी" म्हणून त्यांना आत घेतलं. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातले मास्क दिले आणि वर "तोंड उघडू नका" असा सल्लाही दिला. दातांच्या डॉक्टरांकडून तो सल्ला येणं हळूमास्तरांना मनापासून आवडलं.

धडा: चौकातील पोलिसाच्या इशाऱ्याचे पालन

व्हिसाच्या कचेरीत जे झालं त्यात लेखकाने हात घातलेला नाही. जसं घडलं तसं देतो.

साहेब: कशासाठी जाताय?

हळूमास्तर: मुलीसाठी.

साहेब: मुलीला भेटायला.

हळूमास्तर: नाही. भेटायचं नाहीये.

साहेब: मग?

हळूमास्तर: बघायचं आहे. तिला कळू न देता.

(साहेबांनी पेन खाली ठेवलं.)

साहेब: तुम्ही येताय हे तिला माहीत आहे?

चिमणीची आई: तिनंच सांगितलंय ना, मला दिसू नका म्हणून.

(साहेबांनी पेनाला टोपण लावलं.)

साहेब: मुलगी तिथे करते काय?

हळूमास्तर: उलटी जाते.

यानंतर त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. दुसऱ्या खिडकीने तिसऱ्या खिडकीवर. तिसऱ्या खिडकीवरचे साहेब जेवायला गेलेले, आणि परतले ते पुन्हा पहिल्याच खिडकीवर येऊन बसले. शेवटी चिमणीच्या आईने आपला नोकरीतला आवाज काढला. "साहेब, तुमची अडचण मला समजते. तुमच्या जागी कोणीही असतं तर चिडलंच असतं." साहेबांना असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि शिक्का मारला.

धडा: वाहन मार्गात बंद पडल्यास

विमानप्रवासाबद्दल हळूमास्तर कोणाशी बोलत नाहीत, म्हणून आपणही बोलायला नको. एवढंच, की पायलट वेग वाढवत असताना ते समोरच्या सीटखालचा ब्रेक सारखा दाबत होते आणि समोरच्या सीटवरच्या गृहस्थांनी दोनदा तक्रार केली.

आणि बॅग आली नाही. ती त्यांच्यापेक्षा जास्त देश फिरून नंतर घरीच भेटली.

धडा: वाहनावरील फलक ठळक असावा

बॅग आली नाही म्हणजे कोट, स्वेटर, मफलर आले नाहीत. शर्यतीच्या सकाळी तलावावर असा वारा सुटला होता की सेक्रेटरींचा चष्मा नाकावर ठरेना. चिमणीच्या आईकडे शाल होती. हळूमास्तरांकडे हातातल्या पिशवीत फक्त शिकवताना घालायचं जाकीट होतं, डोळ्यांत खुपणाऱ्या पिवळ्याजर्द रंगाचं. ते का आणलं, असं विचारू नये. काही माणसं कुठेही जाताना घराची किल्ली घेतात, तसे ते जाकीट घेत. पाठीवर आपल्या लिपीत काळ्या, वीतभर अक्षरांत लिहिलेलं होतं: शिकाऊ चालक. अंतर राखा.

"लपायला आलोय आणि हे घालताय," चिमणीची आई म्हणाली.

"शेवटाला बसणार ना आपण. तिची पाठ असणार. आणि मी गारठून मेलो तर ते जास्त दिसेल."

तक्रार नोंदवली गेली. चिमणीची आई प्रेक्षकांच्या बसमध्ये जाऊन बसली आणि हळूमास्तर "आलोच" म्हणून स्वच्छतागृहाकडे गेले. बाहेर आले तेव्हा बस गेलेली होती. तिच्या जागी एक छोटी गाडी उभी होती आणि गाडीत डोळ्यांत खुपणाऱ्या पिवळ्याजर्द जाकिटांतली माणसं बसली होती. स्पर्धेचे स्वयंसेवक. त्यांच्या मुखियाबाई, उंच, पिकल्या केसांच्या, गळ्यात शिट्टी असलेल्या, हळूमास्तरांकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि हाताने खूण केली: चला, बसा, उशीर होतोय.

हळूमास्तरांची आयुष्यभराची शिकवण अशी की शिट्टीवाल्या माणसाने हात दाखवला की विचार न करता त्या दिशेला जायचं. ते बसले. गाडी निघाली. ती प्रेक्षकांच्या मागोमाग जाईल असं त्यांना वाटत होतं. ती तलावाच्या कडेने दुसऱ्याच टोकाला गेली.

तिथे पाण्यात पुढे आलेले लाकडी तराफे होते, सहा, एकाशेजारी एक. प्रत्येक तराफ्यावर एक माणूस पालथा झोपला होता.

वाचकहो, हे मी रचलेलं नाही. या खेळाची रीतच अशी आहे. शर्यत सुरू व्हायच्या आधी नौका मागे मागे सरकत तराफ्याला येऊन टेकते, आणि तराफ्यावर पालथा पडलेला माणूस तिचं शेपूट दोन्ही हातांनी धरून ठेवतो, म्हणजे साऱ्या नौका एका ओळीत राहतात. हिरवा दिवा लागला की सोडायचं. वल्हवणारीचं तोंड असतं शेपटाकडे. म्हणजे सबंध तलावावर तिच्या अगदी डोळ्यांसमोर जर कोणी असेल तर तो हा पालथा माणूस.

हे हळूमास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा पाळी बदलली होती आणि ते तिसऱ्या तराफ्यावर पालथे होते.

चिमणी दोन नंबरच्या तराफ्याला येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्याच. ते धडपडत उठले आणि मुखियाबाईंना खुणांनी सांगायला लागले. खुणा म्हणजे तर त्यांचा धंदा. दोन बोटं दाखवली: दोन नंबर. मग छातीवर हात: मी. मग हात जोरजोरात हलवला: नको, लांब, फार लांब. बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या वयाचा माणूस एवढ्या कळकळीने एखादी जागा मागतो, तर त्याला नाही का म्हणा? त्यांनी दोन नंबरवरच्या पोराला उठवलं, हळूमास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना तिथे पालथं घातलं.

धडा: क्लच आणि ब्रेक

नौका येत होत्या. सहाही मुली मागे मागे, संथ, तराफ्यांकडे.

हळूमास्तरांनी डॉक्टरांचा मास्क डोळ्यांपर्यंत चढवला, चष्मा लावला, तर वारा तो पाण्यात घेऊन गेला. मग त्यांनी सरळ कपाळ फळीला टेकवलं आणि दोन हात तेवढे पुढे ठेवले. चेहरा दिसत नव्हता, केसही टोपीखाली. जगात कोणी ओळखू शकलं नसतं.

नौकेचं शेपूट हातांत आलं. ओलं, गार, बोटभर रुंद. त्यांनी ते धरलं.



"बाबा?"

हळूमास्तरांनी कपाळ आणखी घट्ट फळीला टेकवलं.

"बाबा, पाठीवर वाचता येतंय मला."

पाठीवरची अक्षरं वाचू शकेल अशी एकच मुलगी त्या तलावात होती आणि ती त्यांच्यासमोर बसली होती.

"मी बाबा नाही," हळूमास्तर फळीला म्हणाले.

"मग कोण आहात?"

"स्वयंसेवक."

चिमणीच्या तोंडून जो आवाज आला तो रडण्याचा की कशाचा हे फळीवर कपाळ टेकवून कळण्यासारखं नव्हतं. संपलं, त्यांना वाटलं. हिची जागा गेली. आयुष्यभर घाम गाळून पोरगी इथवर आली आणि तिचा बाप बरोबर त्याच फळीवर येऊन पडला जिथे त्याने पडायला नको होतं.

"चिमणे, मी उठून जातो."

"उठू नका, बाबा. माझी नौका वाहत जाईल."

"मग डोळे मिट तू."

"डोळे मिटून कसं वल्हवू? बाबा, वर बघा. तुम्ही धरताय ते तिरकं झालंय."

तिरकं म्हटल्यावर त्यांना राहवेना. वर पाहिलं. चार हातांवर चिमणी बसली होती, लालबुंद, ओठ दाताखाली धरून. काठावरून रांग लावणारा पंच ओरडत होता. भाषा कळत नव्हती, पण हाताची खूण कळत होती: दोन नंबर, वीतभर पुढे. पुन्हा बोटभर मागे. आणि इथे हळूमास्तरांचे हात आपोआप कामाला लागले. नवशिक्याला चढावर गाडी तोलून धरायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. बोटभर म्हणजे बोटभर. सहा नौकांत दोन नंबरची तेवढी दोरी मारल्यासारखी सरळ होती. मुखियाबाईंनी दुरूनच अंगठा दाखवला.

"दिवा हिरवा झाला की सोडायचं," चिमणी म्हणाली.

"मला कळतं दिवा हिरवा झाला की काय करायचं ते."

"आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"कुठला?"

"तुम्हाला माहितीये कुठला."

लाल दिवा लागला. हळूमास्तरांच्या घशाशी तो शब्द आला आणि मास्कमध्ये अडकला. उजवा पाय, काही कारण नसताना, फळीवर काहीतरी दाबायला लागला. दिवा हिरवा झाला.

हे सांगायला लाज वाटते, पण त्यांनी सोडलं नाही. म्हणजे निमिषभर. बोटं म्हणाली, अजून एकदा बघून घ्या, उजवीकडे, डावीकडे. मग चिमणीने त्यांच्याकडे असं बघितलं की बोटं आपोआप उघडली, वल्ह्यांनी सरळ त्यांच्या तोंडावर बादलीभर पाणी उडवलं, आणि ते डोळे पुसेपर्यंत नौका निघून गेली होती.

चिमणी त्यांच्याकडे बघत होती. बघत बघत लांब जात होती. तिला मान वळवता येत नव्हती आणि त्यांना नजर हलवता येत नव्हती. मग ती हाताएवढी झाली, बोटाएवढी झाली, आणि मग वाऱ्यात काहीच कळेना.

धडा: पार्किंग

शेवटी काय झालं ते त्यांना कळलं नाही. पुढच्या शर्यतीच्या नौका आल्या होत्या आणि मुखियाबाई चांगल्या माणसाला सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी अनेक देशांच्या मुली धरल्या आणि सोडल्या. सगळ्या वेळेवर सोडल्या. परक्या मुलींच्या बाबतीत बोटं मुळीच अडली नाहीत.

ओल्या कपड्यांतच ते नौका ठेवायच्या शेडपाशी पोहोचले तेव्हा चिमणीची आई बाकावर बसली होती आणि चिमणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बाकावर मावत नव्हती म्हणून पाय जमिनीवर.

हळूमास्तर दारातच थांबले. "किती?"

"कुठे होतात तुम्ही?" चिमणीची आई म्हणाली. "मी एकटी बसले होते तिथे. अहो, डोळे उघडे ठेवले होते या वेळी."

"किती नंबर?"

"तिसरी," चिमणी डोकं न उचलता म्हणाली. "फायनल."

हळूमास्तरांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"पण मी दिसलो तुला."

"दिसलात ना. पूर्ण वेळ दिसलात. समोर एक पिवळा माणूस, तोंडावर दात काढायचा मास्क, टोपीतून पाणी गळतंय, आणि पालथा." चिमणी उठून बसली. "बाबा, मला इतकं हसू येत होतं की हसायला लागले असते तर हातातून वल्हं सुटलं असतं. एकच उपाय होता. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत लांब जायचं. मी जेवढ्या जोरात ओढत होते तेवढे तुम्ही लहान होत होतात."

"बापापासून लांब जायला एवढं बळ लावलंस?"

"आजवर काठावर असायचात. बाजूने बरोबर बरोबर यायचात. या वेळी पहिल्यांदा मागे राहिलात."

हळूमास्तरांना यात अपमान आहे की नाही हे ठरवता येईना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मला यातलं कोणी काही कळवलेलं नाही."

"फायनलला दोघंही तिथेच या," चिमणी म्हणाली. "सुरुवातीला."

दुसऱ्या दिवशी मुखियाबाईंना कोणीतरी नातं सांगितलं. आपल्याच पोरीची नौका धरणं नियमात बसत नाही म्हणून त्यांनी हळूमास्तरांना तराफ्यावरून कमी केलं, आणि कमी करताना त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. मग तराफ्यांच्या मागे, गवतात, त्यांनी दोन खुर्च्या मांडून दिल्या.

फायनलमध्ये चिमणी पाचवी आली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या खुर्च्यांवरून ते दिसण्याची सोय नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी घरबसल्या टीव्हीवर पाहिलं आणि त्या सकाळी खुर्चीत असलेल्या माणसाला तोंड उघडं ठेवूनच टाळ्या वाजवायला लावल्या. इतका समुद्र ओलांडून गेलेल्या आईबापांना मात्र शर्यतीचा पहिला तुकडा तेवढा दिसला: दिवा हिरवा झाला, सहा मुली त्यांच्याकडे तोंड करून निघाल्या आणि तोंड न फिरवता लांब गेल्या.

"दिसतेय का?" हळूमास्तरांनी विचारलं.

"ठिपका दिसतोय."

"कुठला आपला?"

चिमणीच्या आईने डोळ्यांवर हात धरला. "तो, आपल्याकडे बघतोय तो."

हळूमास्तरांनी नीट पाहिलं. "अगं, सगळेच आपल्याकडे बघतायत."

हे खरं होतं. मग दोघं खुर्च्यांवरून उठले आणि त्यांनी सगळ्यांनाच हात केला.